प्रोजमध्ये पहिलं योगदान: सरकलेल्या बिंदूपासून मर्ज झालेल्या बदलापर्यंत

नकाशावर बिंदू भलत्याच जागी पडला की बहुतेक जण तो हाताने थोडा सरकवतात आणि पुढच्या कामाला लागतात. तोच बिंदू नीट पकडून ठेवला तर त्यातून जगभरच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक दुरुस्त होऊ शकते. कारण क्यूजीआयएस असो, पोस्टजीआयएस असो, जीडाल असो की पायथनमधलं पायप्रोज, ही सगळी नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळणारी साधनं, निर्देशक (बिंदूची जागा सांगणारे आकडे) एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत न्यायची वेळ आली की हे सगळे एकाच लायब्ररीकडे वळतात. तिचं नाव प्रोज. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत जेराल्ड एव्हेंडेन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प चाळीस वर्षांहून जुना आहे. तो मुक्त परवान्याखाली आहे आणि त्याचं काम गिटहबवर उघडपणे चालतं.

या प्रकल्पात सी प्लस प्लस उत्तम येणाऱ्याइतकाच आणखी एक माणूस मोलाचा असतो: ज्याच्याकडे बरोबर उत्तर माहीत असलेला एक बिंदू आहे आणि ते उत्तर कुठून आलं हे जो सांगू शकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी चूक मोजा

बिंदू 'चुकतोय' एवढ्यावर थांबू नका. किती चुकतोय आणि कोणत्या दिशेला, हे मोजा. चुकीचा आकारच बहुतेक वेळा तिचं कारण सांगून टाकतो.

बिंदू दुसऱ्याच खंडात किंवा समुद्रात पडला, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली असं धरून चाला. ईपीएसजी ही निर्देशक प्रणालींना क्रमांक देणारी यादी. तिच्यातल्या ४३२६ या कोडच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर येतो. प्रोज सहाव्या आवृत्तीपासून ही व्याख्या काटेकोर पाळतं, तर बरीच जुनी साधनं रेखांश आधी देतात. पायप्रोजमध्ये 'ऑलवेज एक्सवाय' हा पर्याय चालू केला की क्रम नेहमी रेखांश-अक्षांश असा राहतो. ही प्रोजमधली चूक नाही. तरीही याबद्दलच्या तक्रारी अजून येत असतात.

उत्तर-दक्षिण दिशेला काही किलोमीटरांची तफावत असेल, तर कुठेतरी पृथ्वी गोल धरली आहे आणि कुठेतरी इलिप्सॉइड, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित चपटा गोल. वेब मर्केटर, म्हणजे वेबवरच्या नकाशांत वापरलं जाणारं ईपीएसजी ३८५७, गोलाची सूत्रं वापरतं. खऱ्या इलिप्सॉइडवरच्या मर्केटरशी त्याची गल्लत केली तर ३० अंश अक्षांशावर उत्तरेकडच्या निर्देशकात साधारण २१ किलोमीटरांचा फरक पडतो. विषुववृत्तावर हा फरक शून्य असतो, त्यामुळे तिथे तपासणारा गाफील राहतो.

काही दहा ते काहीशे मीटरांची चूक म्हणजे बहुतेक वेळा डेटम (निर्देशक पृथ्वीवर कुठे टेकवायचे हे ठरवणारी संदर्भ चौकट) बदलायचा राहून गेला आहे. एक-दोन मीटरांची चूक सर्वांत नाजूक. 'डब्ल्यूजीएस ८४' या एका नावाखाली वेगवेगळ्या काळातल्या अनेक आवृत्त्या एकत्र धरलेल्या आहेत. त्यामुळे नुसतं ते नाव दिलं तर साधारण दोन मीटरांपेक्षा जास्त अचूकतेचा दावा करताच येत नाही. शिवाय भूपट्ट सरकत असतात. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो, म्हणूनच तिथल्या जीडीए ९४ आणि जीडीए २०२० या दोन डेटममध्ये जवळपास १.८ मीटरांचं अंतर आहे. अशा ठिकाणी निर्देशक कोणत्या तारखेचे आहेत हेही सांगावं लागतं.

उंचीत दहा-वीस किंवा पन्नास मीटरांचा फरक दिसला तर एका बाजूला इलिप्सॉइडपासूनची उंची आहे आणि दुसऱ्या बाजूला समुद्रसपाटीशी निगडित जिऑइडपासूनची. हा फरक पृथ्वीवर ठिकाणानुसार साधारण उणे १०६ ते अधिक ८५ मीटर असतो. अमेरिकी मोजणीतला सर्वेक्षण फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांच्यात तर दशलक्षामागे फक्त दोन भागांचा फरक आहे. पण निर्देशक वीस लाख फुटांच्या घरात असले की त्याची चार फूट चूक होते.

प्रोजला विचारा की त्याने नेमकं काय केलं

दोन निर्देशक प्रणालींमध्ये जायचे मार्ग अनेक असू शकतात आणि प्रोज त्यातला एक निवडतं. ही निवड पाहण्यासाठी प्रोजइन्फो नावाची आज्ञा आहे. तिला मूळ आणि लक्ष्य असे दोन कोड द्या. प्रत्येक संभाव्य मार्ग, त्याची अचूकता मीटरमध्ये, तो कोणत्या भूभागासाठी वैध आहे आणि त्याला लागणारी ग्रिड फाइल (ठिकाणानुसार किती दुरुस्ती करायची याचं कोष्टक) तुमच्या संगणकावर आहे की नाही, हे सगळं ती ओळीने सांगते.

या उत्तरात 'बॉलपार्क' हा शब्द दिसतो का ते आवर्जून पाहा. प्रोजला दोन डेटममधला खरा मार्ग सापडला नाही, की ते डेटमचा फरक सोडून देतं आणि अक्षांश-रेखांश जसेच्या तसे पुढे पाठवतं. त्यालाच बॉलपार्क म्हणतात. उत्तर येतं, एरर येत नाही, आणि आकडा शंभर मीटरांनी चुकलेला असू शकतो. याच्या मुळाशी अनेकदा न उतरवलेली ग्रिड फाइल असते. सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, प्रोज नेटवर्क या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलला 'ऑन' ही किंमत दिली तर प्रोज गरजेपुरता ग्रिडचा भाग इंटरनेटवरून आणतं. आधीच सगळं उतरवून ठेवायचं असेल तर प्रोजसिंक ही आज्ञा वापरा.

आणखी एक अडथळा इथेच पार करा. एकाच संगणकावर प्रोजच्या दोन-तीन प्रती असणं फार सर्रास आढळतं. एक पोस्टजीआयएसबरोबर आलेली असते, एक पायथनच्या पॅकेजबरोबर, एक सिस्टिमची. एका प्रतीची लायब्ररी दुसऱ्या प्रतीची डेटाबेस फाइल उघडते आणि डेटाबेसच्या मांडणीची आवृत्ती जुळत नाही असा संदेश येतो. प्रोज डेटा हे व्हेरिएबल, किंवा जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रोज लिब, कुठे बोट दाखवतंय ते पाहा. प्रोज डीबग ची किंमत वाढवली की लायब्ररी कोणती फाइल कुठून उघडते हेही छापते.

चूक कोणाच्या दारात आहे ते ठरवा

इथे थोडा वेळ दिला तर तुमचा आणि देखभाल करणाऱ्यांचा बराच वेळ वाचतो. सर्वांत वर तुमचं अप्लिकेशन, त्याखाली बहुधा जीडाल, त्याखाली प्रोज आणि प्रोजखाली ईपीएसजीचा डेटासेट अशी उतरंड असते. तोच बिंदू एकेक थर खाली नेऊन तपासा. प्रोजच्या स्वतःच्या आज्ञांनी, म्हणजे सीएसटूसीएस किंवा सीसीटीने, उत्तर बरोबर आलं तर गडबड वरच्या थरात आहे आणि इश्यू, म्हणजे गिटहबवरची तक्रारीची नोंद, तिथेच करायला हवी.

प्रोजमध्येही चुकतंय, पण सूत्र ठीक असून एखादा मापदंड चुकलाय असं दिसलं, तर दोष डेटाचा असू शकतो. ईपीएसजीचा डेटासेट आंतरराष्ट्रीय तेल आणि वायू उत्पादकांची संघटना, म्हणजे आयओजीपी, सांभाळते. प्रोज तो स्क्रिप्टने आयात करतं. प्रोजच्या रिपॉझिटरीतल्या (कोडच्या साठ्यातल्या) ईपीएसजीच्या एसक्यूएल फाइलीत आकडा हाताने दुरुस्त करू नका. पुढच्या आयातीत तुमची दुरुस्ती पुसली जाईल आणि ईपीएसजी वापरणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्ये चूक तशीच राहील. ईपीएसजीच्या संकेतस्थळावर बदलाची विनंती नोंदवता येते, खरा दरवाजा तो. एसरी या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीचे कोड आणि फ्रान्सच्या भौगोलिक संस्थेचे कोड हेही अशाच मूळ ठिकाणांहून येतात. एखाद्या देशाच्या सर्वेक्षण संस्थेचं प्रसिद्ध झालेलं कागदपत्र हाताशी असेल तर अशा विनंतीला वजन येतं.

इश्यू लिहिताना

'माझे निर्देशक शंभर मीटर चुकतायत, कृपया मदत करा' अशा इश्यूला उत्तर म्हणून प्रश्नच येतात. चांगल्या इश्यूत एकच बिंदू असतो. तो कोणत्या प्रणालीतून कोणत्या प्रणालीत न्यायचा ते कोडसह, चालवलेली पूर्ण आज्ञा, आलेला आकडा, अपेक्षित आकडा, आणि अपेक्षित आकड्याचा उगम इतकं त्यात पुरतं. सोबत प्रोजची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोज कुठून बसवलं ते लिहा. स्क्रीनचं चित्र नको, मजकूरच चिकटवा, म्हणजे समोरच्याला तो थेट चालवून पाहता येतो.

उगमाबद्दल थोडं ठासून सांगतो. 'दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं येतं' हा पुरावा नव्हे. ते दुसरं सॉफ्टवेअर चुकत असेल, किंवा आतून तेही प्रोजच वापरत असेल. राष्ट्रीय सर्वेक्षण संस्थेचं अधिकृत गणकयंत्र, नियंत्रण बिंदूंची प्रसिद्ध यादी, ईपीएसजीच्या मार्गदर्शक टिपणांच्या भाग ७-२ मध्ये सूत्रांसोबत सोडवून दाखवलेली उदाहरणं, हे खरे साक्षीदार. आणि नुसता कसं वापरायचं हा प्रश्न असेल तर इश्यू न उघडता प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर विचारा.

कोड उतरवा आणि बांधा

रिपॉझिटरीची स्वतःच्या खात्यात फोर्क, म्हणजे वेगळी प्रत, घ्या, ती क्लोन करून संगणकावर उतरवा आणि मास्टर या मुख्य शाखेवरून नवी ब्रँच काढा. नवव्या आवृत्तीपासून बांधणीसाठी सीमेक हा एकच मार्ग उरला आहे. सी प्लस प्लस कंपायलर, एसक्यूलाइटची लायब्ररी आणि तिची कमांड लाइन आज्ञा, लिबटिफ आणि कर्ल इतकं आधी बसवा. एसक्यूलाइटची आज्ञा अनेकांच्या नजरेतून सुटते. ती हवी कारण बांधणीच्या वेळीच सगळ्या एसक्यूएल फाइलींमधून प्रोजची डेटाबेस फाइल तयार होते.

बांधून झालं की काहीही बदलण्याआधी सीटेस्टने सगळ्या टेस्ट चालवा. ताज्या कोडवर काही नापास झालं तर आधी प्रोज डेटा व्हेरिएबल रिकामं करून पाहा. जुनी डेटाबेस फाइल मध्ये आल्यानेच बहुतेक वेळा तसं होतं.

आधी टेस्ट, मग दुरुस्ती

प्रोजकडे जीआयई नावाचं एक साधन आहे आणि माझ्या मते नवख्यासाठी या प्रकल्पातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच. टेस्ट लिहायला सी प्लस प्लस लागत नाही, साध्या मजकुराच्या चार ओळी पुरतात. 'ऑपरेशन' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत काय करायचं ते येतं: समजा यूटीएम (पृथ्वीचे ६-६ अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडणारी प्रणाली), झोन ३२, इलिप्सॉइड जीआरएस ८०. पुढे 'टॉलरन्स' ०.१ मिलिमीटर. मग 'ॲक्सेप्ट' १२ ५५, म्हणजे १२ अंश पूर्व रेखांश आणि ५५ अंश उत्तर अक्षांश. शेवटी 'एक्स्पेक्ट' ६९१८७५.६३२१ ६०९८९०७.८२५०. जीआयई हिशेब करून पाहतं आणि फरक टॉलरन्सच्या पलीकडे गेला तर नापास म्हणतं. 'राउंडट्रिप' शब्द वापरला तर तोच बिंदू वारंवार पुढे-मागे नेऊन तो मूळ जागी परततो का हेही तपासता येतं.

हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. झोन ३२ चं मध्य रेखावृत्त ९ अंश पूर्व आहे आणि त्याला पूर्वेकडचा निर्देशक ५,००,००० मीटर असा ठरवून दिलेला आहे. आपला बिंदू त्याच्या ३ अंश पूर्वेला, झोनच्या कडेवर. ५५ अंश अक्षांशावर ३ अंश रेखांश म्हणजे साधारण १९२ किलोमीटर. म्हणजे उत्तर सहा लाख ब्याण्णव हजारांच्या आसपास यायला हवं, आणि तसं येतं. टेस्टमध्ये घालायच्या प्रत्येक आकड्याचा असा कच्चा अंदाज आधी घ्या.

तुमच्या चुकणाऱ्या बिंदूची अशी टेस्ट जीआयईच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये जोडा आणि ती आत्ता नापास होते याची खात्री करा. मगच कोडला हात लावा. दुरुस्ती जमली नाही तरी नापास होणारी टेस्ट इश्यूत चिकटवा. दुसऱ्या कुणाला तिथून पुढे काम सुरू करता येतं, आणि हे पुरेपूर योगदान आहे.

बिंदू निवडताना सोयीच्या जागा टाळा. मध्य रेखावृत्तावर आणि विषुववृत्तावर चुकीचं सूत्रसुद्धा बरोबर उत्तर देतं. दोन्ही ध्रुव, १८० अंश रेखांशाच्या दोन्ही बाजू, चारही चतुर्थांश आणि वैधतेची कड इथे चुका लपतात. संगणकाच्या दशांश हिशेबात एखादी संख्या १ च्या किंचित वर गेली की तिचा व्यस्त साइन काढता येत नाही, आणि ध्रुवावर नेमकं हेच होतं.

नवं प्रक्षेपण जोडायचं असेल तर

प्रक्षेपण म्हणजे वक्र पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायचं सूत्र. नवं जोडण्यासाठी ईक्वल अर्थ हे उदाहरण अभ्यासा. बोयान शाव्रिच, टॉम पॅटर्सन आणि बर्नहार्ड येनी यांनी २०१८ मध्ये हे समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण जपणारं, प्रक्षेपण मांडलं आणि त्याच वर्षी ते प्रोज ५.२ मध्ये आलं. कोड छोटा आहे, पण नव्या प्रक्षेपणाला जे जे लागतं ते सगळं त्यात सापडतं.

गोलावरचं सूत्र असं. आधी एक सहायक कोन काढायचा: अक्षांशाच्या साइनला तीनच्या वर्गमुळाच्या निम्म्याने गुणलं की त्या कोनाची साइन मिळते. मग उभा निर्देशक म्हणजे त्या कोनाच्या पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या घातांची बेरीज. सहगुणक अनुक्रमे १.३४०२६४, उणे ०.०८११०६, ०.०००८९३ आणि ०.००३७९६. ध्रुवावर अक्षांशाची साइन १, म्हणून सहायक कोन बरोबर ६० अंश, म्हणजे १.०४७१९८ रेडियन. घातांक घालून पाहिलं की चार पदं येतात १.४०३५२, उणे ०.०९३१४, ०.००१२३ आणि ०.००५७५. बेरीज १.३१७३६. त्रिज्या १ असलेल्या गोलासाठी नकाशाचा वरचा काठ याच उंचीवर हवा. साध्या गणकयंत्रावर मिळालेला हा आकडा कोणत्याही अंमलबजावणीची पहिली परीक्षा होतो.

उलट दिशेला, म्हणजे निर्देशकांवरून अक्षांश काढताना, नवव्या घाताचं समीकरण थेट सुटत नाही. तिथे न्यूटनच्या पद्धतीने जवळ जवळ जात राहावं लागतं. फेऱ्यांना मर्यादा घाला, आणि मर्यादा ओलांडली तर गप्प बसून कसलंतरी उत्तर देण्यापेक्षा एरर द्या. इलिप्सॉइडसाठी अक्षांशाच्या जागी समक्षेत्र गोलावरचा अक्षांश वापरायचा, म्हणजे क्षेत्रफळ जपलं जातं.

प्रोजमध्ये प्रत्येक प्रक्षेपणाची सहसा वेगळी फाइल असते. ती प्रक्षेपणांच्या फोल्डरमध्ये ठेवा, यादीच्या हेडरमध्ये आणि सीमेकच्या यादीत तिचं नाव घाला, जीआयईमध्ये दोन्ही दिशांच्या टेस्ट लिहा आणि दस्तऐवजाचं पान जोडा. पानाशिवाय आलेलं प्रक्षेपण परत पाठवलं जाणार हे धरून चाला. सूत्राचा प्रसिद्ध उगम द्यावाच लागतो. आणि परवाना जपा: प्रोजचा परवाना एमआयटी पद्धतीचा आहे, त्यामुळे जीपीएल या अधिक कडक अटींच्या परवान्याखालच्या कोडमधून ओळी उचलून आणता येत नाहीत. सूत्र वाचा, कोड स्वतः लिहा.

ग्रिड फाइली

एखाद्या देशाच्या संस्थेने डेटम बदलाची किंवा जिऑइडची ग्रिड खुली केली असेल, तर ती प्रोज-डेटा या वेगळ्या रिपॉझिटरीत जाते. आधी परवाना पाहा. पुन्हा वाटण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली नसेल तर काम तिथेच थांबतं, आणि संस्थेला पत्र लिहून ती मिळवणं हे कोडइतकंच महत्त्वाचं योगदान ठरतं. परवाना ठीक असेल तर तिथल्याच स्क्रिप्टने ग्रिड जिओटिफमध्ये बदला, तपासणीची स्क्रिप्ट चालवा आणि फाइलीच्या नावाला देश आणि संस्थेचा उपसर्ग द्या. ईपीएसजीमधलं ग्रिडचं नाव आणि प्रोजमधलं नाव यांची जोडी प्रोजच्या मुख्य रिपॉझिटरीतल्या एका एसक्यूएल फाइलीत नोंदवावी लागते. ती नोंद राहिली तर फाइल जागेवर असूनही प्रोजला सापडत नाही.

पुल रिक्वेस्ट

पुल रिक्वेस्ट म्हणजे तुमचा बदल मुख्य कोडमध्ये मिसळून (मर्ज करून) घ्या ही विनंती. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. दुरुस्ती करता करता शेजारचा कोड नीटनेटका करण्याचा मोह होतो, तो आवरा, कारण वाचणाऱ्याला खरा बदल शोधत बसावं लागतं. कोडची मांडणी प्री-कमिटच्या हुकने आपोआप दुरुस्त करून घ्या. वर्णनात इश्यूचा क्रमांक, टेस्टमधल्या आकड्यांचा उगम आणि जुन्या वापरकर्त्यांच्या उत्तरांवर होणारा परिणाम लिहा. परिणामाचा हा मुद्दा या क्षेत्रात फार गंभीर आहे. कुणाच्या तरी जमिनीची हद्द कालच्या आकड्यांवर आखलेली असते.

पाठवल्यावर लिनक्स, मॅक आणि विंडोजवर टेस्ट आपोआप चालतात. एखाद्याच ठिकाणी नापास झालं तर शेवटच्या दशांश स्थळांतला फरक शोधा. मिलिमीटरच्या दशांशापलीकडची अपेक्षा भूमापनात सहसा निरर्थक असते, पण टॉलरन्स सैल करून टेस्ट पास करून घेण्याआधी फरक का पडला याचं उत्तर द्या. परीक्षक 'हा आकडा कुठून आला?' असं विचारतील, तेव्हा रागावू नका. तो प्रश्न तुमच्या आकड्याला असतो, तुम्हाला नव्हे. उत्तराला काही दिवस लागले तर तेही समजून घ्या, देखभाल करणारे हात मोजकेच आहेत.

बदल मोठा असेल तेव्हा

एपीआय बदलायचा आहे, नवी डिपेंडन्सी आणायची आहे किंवा डेटाबेसची रचना हलवायची आहे, तर कोडआधी आरएफसी म्हणजे प्रस्तावाचा मसुदा लिहायचा. प्रकल्पाची सुकाणू समिती त्यावर उघड चर्चा करून मत देते.

अशा कामाला वेळेइतकाच पैसाही लागतो. जुन्या प्रोजमध्ये बहुतेक डेटम बदल डब्ल्यूजीएस ८४ मार्गे व्हायचे आणि त्या वळणात अचूकता हरवायची. हे मुळातून बदलायला २०१८ मध्ये अनेक संस्थांनी आणि कंपन्यांनी एकत्र निधी दिला. इव्हन रुओ यांनी त्यावर काम केलं आणि २०१९ मध्ये सहावी आवृत्ती आली. ईपीएसजीचा डेटाबेस, अचूकतेनुसार मार्गाची निवड आणि डब्ल्यूजीएस ८४ टाळून थेट जायची सोय ही सगळी त्याच कामातून आली. तुमची कंपनी प्रोजवर अवलंबून असेल तर वरिष्ठांपुढे ठेवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

मर्ज झाल्यावर

बदल मास्टरमध्ये गेला म्हणजे तो लगेच तुमच्या नकाशात दिसत नाही. चूक गंभीर असेल तर दुरुस्ती चालू आवृत्तीच्या शाखेत न्यावी अशी विनंती त्याच पुल रिक्वेस्टवर करा. नाहीतर ती पुढच्या आवृत्तीत येईल. पायप्रोजची तयार पॅकेजेस प्रोजची स्वतःची प्रत सोबत आणतात, क्यूजीआयएसचे इन्स्टॉलरही तसंच करतात. त्यामुळे ते नवी प्रत उचलेपर्यंत जुनं उत्तर येत राहतं. ती आली की 'प्रोज' ही आज्ञा पर्यायांशिवाय चालवून आवृत्ती पाहा आणि इश्यूतला तोच बिंदू अप्लिकेशनमध्ये पुन्हा टाका. आकडा जुळला तर इश्यूवर तशी ओळ लिहा. जुळला नाही तर वरच्या कोणत्या तरी थरात दुसरी चूक आहे. टेस्ट आता हाताशी आहेच, ती त्या थराच्या रिपॉझिटरीत घेऊन जा.